सोनाबाई आरवली! दर खेपेला निम्मे कोंबडे निघतात, त्यांचं काय करायचं

पोरांनी पिल्लाला सोनाबाई नाव ठेवलं तेव्हा ती दोन आठवड्यांची होती, पिवळी-तपकिरी, शांत, हातावर येऊन बसायची. मग एके दिवशी पहाटे चारला खुराड्यातून घसा बसलेल्या माणसासारखा आवाज आला, मिस्टर म्हणाले मांजर घुसलं वाटतं, बॅटरी घेऊन गेले तर सोनाबाई मान ताणून उभी. आरवायची प्रॅक्टिस चालली होती तिची. म्हणजे त्याची. त्या खेपेला ११ पिल्लं जगली त्यात ६ कोंबडे, आदल्या खेपेला ९ मध्ये ५, आणि त्याच्याही आधी ७ मध्ये ४ निघाले होते तेव्हा आम्ही नशिबाला बोल लावला होता.

आम्ही नाशिकला म्हसरूळच्या बाजूला रो हाऊसमध्ये राहतो, मागे गुंठाभर अंगण, गावरान ८, वनराजा (सुधारित जात) २ आणि हौसेने आणलेली एक कडकनाथ. कोंबड्यांनी कधी त्रास दिला नाही, जो काय त्रास झाला तो कोंबड्यांच्या नवऱ्यांनी. शेजारचे भाऊ अंबडला कंपनीत आहेत, तीन महिने काही बोलले नाहीत बिचारे, मग एक दिवस गेटवर थांबून म्हणाले, "ताई, मी सेकंड शिफ्ट करून साडेबाराला घरी येतो अन् तुमचा गडी साडेतीनला चालू होऊ राहिला. एक असता तर चाललं असतं हो, हे सहा जण एकमेकाला उत्तरं देऊ राहिले."

आणि त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. जपानमधल्या नागोया विद्यापीठात यावर रीतसर काम झालंय, कोंबड्याच्या अंगात स्वतःचं घड्याळ असतं, उजेड दिसायच्या आधीच तो आरवायला लागतो, आणि जिथे बरेच कोंबडे एकत्र असतात तिथे सगळ्यात वरचढ असेल तो आधी आरवतो, मग मानाच्या उतरंडीने बाकीचे. म्हणजे सहा कोंबडे असले की आवाज थांबायलाच वेळ लागतो, एकाचं झालं की दुसऱ्याचं. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल धरलेली आहे आणि कोंबडा जवळून ९०-१०० च्या घरात जातो, त्यामुळे "गावाकडे कोण तक्रार करतं" हे शहराच्या कडेला राहून म्हणण्यात अर्थ नाही.

तर आधी हे निम्मे कोंबडे येतात कुठून ते सांगते, कारण यात लोकांचे लई गैरसमज आहेत आणि माझेपण होते.

नर का मादी हे कोंबडीकडून ठरतं, कोंबड्याकडून नाही. माणसात उलटं असतं, इथे मादीकडे दोन वेगळी गुणसूत्रं असतात, त्यातलं कुठलं अंड्यात गेलं त्यावर पिल्लू ठरतं, आणि ते नाणं उडवण्यासारखं आहे, पाच-पाच, सहा-चार, कधी सात-तीन, पण बऱ्याच खेपांचा हिशोब काढला की निम्मेच. आमच्या आत्याबाई (सासूबाई माझ्या, मूळच्या निफाडकडच्या) लांबट टोकदार अंडी बाजूला काढायच्या, म्हणायच्या यातून नर निघतो, गोल अंड्यातून तलंग, म्हणजे मादी. मी दोन खेपा त्यांच्या हाताने गोल गोल अंडी निवडून बसवली. त्यातलीच एक सोनाबाई. अंड्याचा आकार ज्या त्या कोंबडीची सवय असते, तिची सगळी अंडी साधारण तशीच येतात. दोऱ्याला सुई बांधून अंड्यावर धरायची आणि गोल फिरली की मादी, हेपण करून झालं, सुई माझ्या हाताबरोबर फिरते एवढंच कळलं. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर अंडं धरलं की भरलंय की नाही ते दिसतं, नर-मादी दिसत नाही.

कोंबडे घरात यायचा दुसरा रस्ता म्हणजे ती रंगीत पिल्लं. सायकलवर नाहीतर जत्रेत गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं विकायला येतात ना, पोरं हट्ट धरतात, आपण चार घेतो. ती बहुतेक सगळी अंड्यांच्या लेयर कोंबड्यांच्या हॅचरीतली नर पिल्लं असतात. हॅचरीला मादी हव्या असतात, नर पहिल्याच दिवशी वेगळे काढतात, आणि रंगवून दहा-वीस रुपयाला विकतात. निम्मी आठवडाभरात मरतात, जी जगतात ती आरवतात. अंडी देणारी कोंबडी त्यातून मिळेल ही आशा सोडा.

आता मुख्य काम, लवकर ओळखणं. कारण कोंबडा साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात नीट आरवायला लागतो (काही आगाऊ असतात ते तिसऱ्यातच), आणि आरवायच्या आधी तुमच्याकडे निर्णयाला वेळ असतो, नंतर निर्णय शेजारी घेतात. मी आता सहाव्या आठवड्यापासून बघते. नराचा तुरा आधी लाल व्हायला लागतो आणि चोचीखालची लोंबती कातडीपण, त्याच वयाच्या तलंगीचा तुरा फिका पिवळट असतो. पाय जाड, उभं राहायची पद्धत ताठ, दोघं समोरासमोर आले की छाती काढून मान फुगवतात. पण हे सगळं अंदाज, यात मी दोनदा फसले. खात्रीचं लक्षण तिसऱ्या महिन्यात येतं, शेपटीच्या बुडाशी पाठीवर जी पिसं असतात ती नराची लांब, अरुंद, टोकदार, चकचकीत आणि दोन बाजूंना ओघळल्यासारखी येतात, मादीची त्याच जागची पिसं गोल टोकाची राहतात. मानेच्या पिसांचंही तेच. मला शंका असली की पिल्लू काखेत धरायचं आणि उन्हात ते एक पीस बोटावर घेऊन बघायचं, बास.

कडकनाथला तुऱ्याच्या रंगावर जाऊ नका, तिथे सगळंच काळपट, त्यात अंगाचा आकार आणि पिसंच बघायची. असील म्हणजे झुंजीची जात, तिचा तुरा जातीनेच बारीक असतो, त्यामुळे तलंग समजून ठेवलेली जोडी नंतर एकमेकांचे डोळे फोडायला निघते, हे ओळखीच्या एका घरी झालंय.

एक मधलीच गोष्ट, क्वचित कधी खरी कोंबडीपण आरवते, विशेष करून वय झालेली, किंवा जिथे कोंबडाच नाही तिथे. अंडाशयात बिघाड झाला की असं होऊ शकतं. आत्याबाईंच्या मते तो अपशकुन आणि लगेच कापायची. मी म्हणते आधी पिसं बघा.

ओळखले, सहा आहेत, आता ठेवायचे किती? बऱ्याच जणांना अजून वाटतं कोंबडा नसला तर कोंबडी अंडी देणार नाही. देते. रोजची खायची अंडी मिळायला कोंबडा लागतच नाही, पोल्ट्रीतली सगळी अंडी कोंबड्याशिवायचीच. पिल्लं काढायची असतील तरच एक, आणि एकाला ८ ते १० कोंबड्या हव्यात. आमच्याकडे ११ ला ६ झाले होते तेव्हा कोंबड्यांच्या पाठीची पिसं जाऊन कातडी उघडी पडली, डोक्यामागे टोचून जखमा, दोन कोंबड्या तर दिवसभर जिन्याखाली लपून बसायच्या, दाण्यालाही बाहेर यायच्या नाहीत, अंडी निम्म्यावर आली आणि मी खाद्याला दोष देत होते. वनराजाचा नर वाढला की तीन किलोच्या वर जातो, आपली गावरान कोंबडी सव्वा-दीड किलोची, तिच्यावर तो चढला की काय होत असेल बघा. पाठ उघडी पडलेली दिसली की हळद-खोबरेल लावून भागत नाही, त्या कोंबड्या आधी वेगळ्या काढा, रक्त दिसलं की बाकीच्यापण टोचायला लागतात.

खर्चाचंही सांगते. मोठा कोंबडा दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास खातो, सहा जणांचे महिन्याला १८ किलो. घरातला भाकरतुकडा, भाजीचा पाला धरला तरी मला महिन्याला चार-पाचशे रुपये निव्वळ आवाजासाठी जात होते.

आवाजावर आम्ही काय काय केलं ते ऐका. आधी डालग्याखाली झाकून वर गोणपाट टाकलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही असं म्हणतात, ते खरंच आहे पण शेजारच्या भाऊंना तांबड्याशी घेणंदेणं नव्हतं त्यांना झोप पाहिजे होती, आणि झाकलेला कोंबडा त्याच टायमाला आरवला, फक्त आवाज गोणपाटातून आला. कारण वर सांगितलं तेच, घड्याळ आत आहे. त्यातल्या त्यात फरक पडला तो बुटक्या पेटीने, फळ्यांची पेटी, आतून जुन्या रजईचं अस्तर, उंची इतकीच की बसता येईल पण मान पूर्ण ताणता येणार नाही, कारण मान ताणल्याशिवाय पूर्ण जोराची बांग निघत नाही. रात्री आत, सकाळी सहाला बाहेर. आवाज थांबला नाही पण भिंतीपलीकडे जाईना. पण खालून-बाजूने हवेची भोकं पाहिजेतच, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे रात्रीसुद्धा उकडतं तेव्हा हे करू नका, कोंबड्याला घाम येत नाही, तोंड उघडं टाकून धापा टाकत असतो आणि सकाळी मेलेला सापडेल. शिवाय पेटी एकाला चालते, सहांना नाही.

मानेला बांधायचा पट्टा ऑनलाइन मिळतो. मी एकदा लावला. कोंबडा मागे मागे चालत भिंतीला धडकला, गुदमरल्यासारखं करायला लागला, दहा मिनिटांत काढला. सैल ठेवला तर उपयोग नाही, घट्ट केला तर जीव जातो, आणि वाढत्या वयात आठवड्यात मान जाड होते. नकोच. कोणी खच्ची करायचा सल्ला देतात, पण कोंबड्याचे वृषण पोटात पाठीच्या कण्याजवळ असतात, बोकडासारखं बाहेरून होत नाही, पोट उघडावं लागतं. घरी करायची गोष्टच नाही.

म्हणजे शेवटी कमी करणं आलं. इथे घराघरात भांडणं होतात म्हणून सरळ बोलते.

आमच्यात मटण-चिकन चालतं, पण "घरचा खाणार नाही" असं आत्याबाईंनी आणि पोरांनी दोघांनीही जाहीर केलं, त्यामुळे कापायचा विषय विकणाऱ्याकडे गेला. तुमच्या घरी चालत असेल तर ५-६ महिन्यांच्या आत करा, वर्षाचा झाला की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. आदल्या रात्रीपासून दाणा बंद, पाणी चालू, ओळखीच्या चिकनवाल्याला पैसे देऊन करून घ्या, पोरांसमोर नको, आणि आणल्या आणल्या चुलीवर चढवू नका, रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या, मांस ताठरलेलं असतं ते सैल होतं. औषध चालू असेल तर पाकिटावर किती दिवस खायचं नाही ते लिहिलेलं असतं तेवढं थांबा.

विकायचा असेल तर सगळा खेळ टायमिंगचा. आखाडात गावरान कोंबड्याला जो भाव येतो तो वर्षात परत येत नाही, श्रावण लागला की फोनपण येत नाही, मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र, मधले दोन-अडीच महिने तुम्ही फुकट दाणा घालत बसता. मी एका वर्षी गटारीच्या आठवड्यात चार कोंबडे प्रत्येकी ६०० ला दिले आणि पुढच्याच महिन्यात तसाच पाचवा ३५० ला जाईना. म्हणून आता उलटा हिशोब लावते, कोंबडा साडेपाच-सहा महिन्यांचा आखाडात व्हायला पाहिजे तर पिल्लं संक्रांतीच्या आसपास निघायला हवीत, आणि २१ दिवस उबवायचे, म्हणजे अंडी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बसवायची. अधिक महिना मध्ये आला की आखाड पुढे सरकतो, कॅलेंडर बघून घ्या. थंडी असते आपल्याकडे तेव्हा, पण कोंबडी असली की पिल्लांना ती पुरेशी, फक्त खुराडं वाऱ्याच्या बाजूने बंद पाहिजे.

बाजारात नेताना पाय बांधून गाडीच्या हँडलला उलटं लटकवायची पद्धत अजून दिसते. ती क्रूरता आहे, आणि वर कोंबडा अर्धमेला होऊन भाव पडतो ते वेगळंच. प्लॅस्टिकचं जाळीचं क्रेट, खाली पोतं, सकाळी लवकर.

विकण्यापेक्षा मला अदलाबदल जास्त आवडते. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे एकाच घरातला कोंबडा चालू आहे त्यांना रक्त बदलायला बाहेरचा नर लागतो, नाहीतर भाऊ-बहिणीतच पिल्लं निघून पिढी कमजोर होत जाते. दिंडोरी, पेठ, हरसूलकडे घरटी कोंबड्या आहेत, तिकडच्या भाजीवाल्या मावशी आमच्याकडे येतात, त्यांच्यामार्फत दोन तगडे नर देऊन एक तलंग घेतली, दोन्ही बाजू खूश. देणाऱ्याने मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिलेली असावी, पहिल्या आठवड्यात लासोटा आणि पुढे सहा-आठ आठवड्यांनी दुसरी, आणि आलेली तलंग सरळ आपल्या खुराड्यात सोडू नका, दोन-तीन आठवडे लांब वेगळी ठेवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा आमच्याकडे कोणी अंडंसुद्धा घरात आणत नव्हतं, आत्याबाईंना ते अजून आठवतं, त्यामुळे या एका नियमावर घरात वाद नाही.

द्राक्षवाल्या पाहुण्यांनी "आमच्या बागेत सोडा, किडे खातील" म्हणून सांगितलं होतं. प्रेमाने म्हणाले, पण एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागेत फवारण्या चालू असतात, पानावर-मातीत औषध, कोंबडा तेच टोचणार. वस्तीवरच्या अंगणात ठेवणार असाल तर द्या, बागेत नाही.

कोणी घेताना "झुंजीला पाहिजे" म्हणाला, किंवा म्हणाला नाही पण पायाच्या मागचा काटा हाताने तपासत बसला, तर देऊ नका. झुंज लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याने गुन्हा आहे.

आणि रात्री नेऊन डोंगराच्या पायथ्याला, नदीकाठी, देवळामागे सोडून यायचं, "निसर्गात जगेल" म्हणून, हे तर अजिबातच नाही. खुराड्यातला कोंबडा झाडावर झोपायला शिकेपर्यंत कुत्रं नाहीतर मुंगूस येतं, आणि नाशिकच्या आसपास बिबट्या किती वेळा वस्तीत शिरतो ते सगळ्यांना माहीत आहे, त्याला घरपोच डबा कशाला.

विकायचेही नाहीत, कापायचेही नाहीत असं असेल आणि जागा असेल तर नरांचा वेगळा कंपाउंड करता येतो. एकत्र वाढलेले असावेत आणि कोंबड्या नजरेला पडू नयेत, मग मारामारी बरीच कमी राहते, एक-दोन कोपरे आडोशाचे ठेवा म्हणजे हरलेला पळून बसतो. लेयरचं खाद्य देऊ नका, त्यात अंड्याच्या कवचासाठी चुना भरपूर असतो, नराच्या किडनीला त्रास होतो, ग्रोवर (वाढत्या कोंबड्यांचं खाद्य) नाहीतर मका-बाजरी आणि थोडी पेंड. आवाज मात्र सहांचाच येणार, त्यामुळे रो हाऊसवाल्यांनी हा परिच्छेद विसरा.

ठेवायचा एक निवडताना देखण्यापेक्षा स्वभाव बघा. लाडाने हातावर वाढवलेला नर माणसाला घाबरत नाही, मग माणसालाच प्रतिस्पर्धी समजतो, सोनाबाई सातव्या महिन्यात धाकट्याच्या पिंडरीवर धावून गेली, काट्याने ओरखडा आला, चेहऱ्याच्या उंचीवर पोर असतं तर डोळाच होता. लाथ मारली की तो आणखी चिडतो. आम्ही ठेवला तो कोणीच लक्ष न दिलेला तांबडा होता, दाणा सापडला की स्वतः न खाता कोंबड्यांना आवाज देतो, घार दिसली की वेगळी आरोळी ठोकतो आणि माणूस आला की बाजूला होतो. सोनाबाई पेठच्या मावशींकडे गेली, तिकडे म्हणे अख्खी वाडी तिला घाबरते.

पण हे सगळं करून परत पुढच्या वर्षी चार-सहा कोंबडे, असं तीन वर्षं झालं, कारण मूळ जागेला मी हात लावला नव्हता. मूळ जागा म्हणजे खुडूक कोंबडी, अंड्यांवर बसून राहायला लागलेली. ती बसली की आत्याबाईंना दया येते, "बसू दे गं तिला, जीव आहे तिचा", आणि टोपल्यात १३ अंडी जातात. आता नियम केलाय, जितके कोंबडे जातील अशी खरी सोय आहे त्याच्या दुप्पट अंडी, त्याच्या वर एक नाही. दोन नर कोणी मागून ठेवलेत आणि एक आखाडात विकणार, म्हणजे ६ अंडी. "बघू नंतर" हे गिऱ्हाईक धरायचं नाही. तलंगा वाढवायच्या असतील तर तीन-चार महिन्यांच्या नर-मादी ओळखून दिलेल्या सरळ विकत घ्या, एक पीस महाग वाटेल पण सहा कोंबड्यांच्या दाण्यापेक्षा स्वस्त.

बाकीच्या खुडूक बायांना उठवायचं. अंडी रोज दोनदा उचलायची, कोंबडा असला तरी रोज उचललेल्या अंड्यात पिल्लू वाढत नाही, त्याला सतत ३७-३८ डिग्री ऊब लागते. आणि नर आज काढला तरी कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे बीज टिकतं हे लक्षात असू द्या, मी "कोंबडाच नाही आता" म्हणून निर्धास्त राहिले आणि जिन्याखाली लपवलेल्या अंड्यांतून चार पिल्लं निघाली होती. खुडूक मोडायला पाण्यात बुचकळायची गरज नाही, जाळीच्या तळाचा पिंजरा विटांवर उचलून ठेवायचा, खाली हवा लागली पाहिजे, गवत-पोतं काही नाही, उजेड, दाणा, पाणी, तीन-चार दिवस. पोटाला गारवा लागला की तिचं डोकं उतरतं.

कडकनाथ मॅडम सध्या तिथेच आहेत, आज तिसरा दिवस. हात घातला की अजून फुगते आणि कुडकुडते, पण सकाळी दाणा उभ्याने खाल्ला, काल बसून खात होती. उद्या संध्याकाळी सोडून बघणार, परत टोपल्याकडे पळाली तर अजून दोन दिवस. आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीयेत.